एकसष्टाच्या पोटातले दहा अंक

शिरपूरकरांना चाळीसगावजवळची पाटणादेवी परकी नाही. दर्शनाला जाणाऱ्यांपैकी फार थोडे मात्र तिथल्या शिलालेखापाशी थांबतात. तो १२०७ सालचा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, असे त्यात कोरले आहे. शेवटच्या ओळी मराठीत आहेत. पाटणच्या बाजारातल्या करातून मठाला काय मिळावे, ते त्या सांगतात. गणिताच्या शाळेला बाजाराचे उत्पन्न लावून देणारा हा आपला खानदेश!

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (सन ११५०) एक उदाहरण आहे: कोणत्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्ग येतो? शून्य अर्थात चालत नाही.

६१ च्या जागी ६० घेतले तर उत्तर ४. सोळा गुणिले साठ ९६०, अधिक १ म्हणजे ९६१, अर्थात ३१ चा वर्ग. ६२ घेतले तर उत्तर ८. दोन्ही शेजारी असे साधे आणि मधल्या ६१ चे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०! मिळणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा.

एकेक संख्या घालून पाहणाऱ्याचे आयुष्य यात सरेल. भास्कराचार्यांनी चक्रवाल रीत वापरली. आधी जवळचा वर्ग घ्यायचा: ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. ही चूक फेकायची नाही, तिच्यावरच पुढची पायरी बांधायची. पुढच्या फेरीत ३९ चा वर्ग १५२१ येतो, तो ५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून ४ ने कमी. इथून ब्रह्मगुप्तांची भावना, म्हणजे दोन उत्तरांच्या गुणाकारातून तिसरे काढण्याची रीत, कामाला येते. २९७१८ चा वर्ग ३८०५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून फक्त १ ने कमी भरतो. मग २९७१८ आणि ३८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट केली की उत्तर हातात.

नवाचा ताळा करून पाहावा. २२,६१,५३,९८० च्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे संख्येला नवाने भाग जातो. ६१ पट करून १ मिळवल्यावर बाकी १ उरते. दुसऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, तिचीही बाकी १, वर्गाचीही १. ताळा जुळला. शिवाय मोठ्या संख्येला लहानीने भागले, तर ६१ च्या वर्गमुळाचे दशांशचिन्हापुढचे १७ अंक बरोबर मिळतात.

फ्रान्सच्या फर्मानेही १६५७ मध्ये हाच ६१ आपल्या काळातल्या गणितज्ञांपुढे टाकला. भास्कराचार्यांचे उत्तर त्याआधी पाच शतके लिहिलेले होते, युरोपला त्याचा पत्ता नव्हता.

शिक्षकांनी पाटणादेवीची सहल जरूर काढावी, पण निघण्याआधी मुलांच्या वहीत ६१ चे उदाहरण घालावे आणि ३९ पर्यंतची पायरी त्यांच्याच हातून करून घ्यावी.