गणवेश नसलेली सैनिक : हौसाताई पाटील

भोर आणि वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर कुणी चुलीपाशी असेल, कुणी गोठ्यात, कुणी गटाच्या बैठकीला जमल्या असाल. आहात तिथून ऐका. आज आम्ही एका सैनिक बाईची आठवण काढणार आहोत. तिच्या अंगावर कधी गणवेश चढला नाही, तिला कधी हुद्दा मिळाला नाही. पण ती लढली. लढता लढता तिनं घर चालवलं, पोर सांभाळलं आणि म्हातारपणापर्यंत आपला शब्द सोडला नाही. तिचं नाव हौसाताई पाटील.

हौसाताई म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. गाव येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा, आज जिल्हा सांगली. तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यातच होता. नाना तलाठी होते. 1930 च्या सुमाराला त्यांनी नोकरी सोडली आणि स्वातंत्र्याच्या कामाला वाहून घेतलं. त्यांच्यावर संस्कार वारकऱ्यांचे आणि जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे. माणसात देव बघायचा, लुबाडणाऱ्यापुढं मान वाकवायची नाही, ही त्या घरची श्रद्धा. हौसाताईंची आई त्या लहान असतानाच वारली. वडील भूमिगत. मग लेकीला वाढवलं कुणी? आजीनं.

इथं आम्हाला थोडं थांबायचं आहे. नाना पाटलांचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं, चौकाला असतं, पुतळा असतो. पण नाना रानावनात फिरत होते तेव्हा त्यांच्या घरी काय चाललं होतं, ते पुस्तकात येत नाही. सरकारनं त्यांच्या घरावर आणि जमिनीवर जप्ती आणली. राहायला एक लहानशी खोली उरली. पेरायला रान नाही. पोलिसांच्या भीतीनं गावातली माणसं या घराशी बोलायला बिचकत. दुकानात मीठसुद्धा मिळायची मुश्कील. अशा वेळी उंबराची कच्ची फळं आणून त्यांची भाजी करून खाल्ली, असं हौसाताई सांगायच्या. पुढं मामानं बैलजोडी आणि गाडी दिली. गूळ, शेंगा, जोंधळा बाजाराला पोचवायचा, भाड्याचे चार पैसे यायचे, त्यावर घर चालायचं.

मैत्रिणींनो, हीसुद्धा लढाईच होती. आजीनं त्या दिवसांत हात टेकले असते, माफी मागा म्हणून लेकाला निरोप धाडला असता, तर नानांचे पाय अडखळले नसते का? घर तग धरून राहिलं, म्हणून चळवळ तग धरून राहिली.

1942 ला 'चले जाव'ची हाक आली आणि त्यानंतर सातारा भागात प्रतिसरकार उभं राहिलं. लोक त्याला पत्रीसरकार म्हणत. 1943 ते 1946 या काळात त्यांनी गावोगाव इंग्रजांचा कारभार खिळखिळा केला. तंटे गावातच मिटवले, दारूबंदी केली, सावकारांना आणि बायकांना छळणाऱ्यांना जरब बसवली. हुंडा आणि मानपान टाळून साधी लग्नं लावली, त्यांना गांधी-विवाह म्हणत. या सरकारची फौज म्हणजे तुफान सेना. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड हे तिचे म्होरके. याच तुफान सेनेच्या कामात हौसाताई होत्या.

1943 सालची गोष्ट. हौसाताई सतरा वर्षांच्या. लग्नाला तीन वर्षं झालेली, घरी लहान मूल. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातल्या बंदुका पळवायच्या ठरल्या. पण पोलिसांना ठाण्यातून बाहेर काढायचं कसं? मग एक सोंग रचलं. ठाण्याच्या समोर एक नवरा बायकोला बेदम मारतोय, बायको ओरडतेय, नवरा मोठा धोंडा उचलून 'आता डोक्यातच घालतो' म्हणतोय. हे बघून ठाण्यातले पोलीस सोडवायला बाहेर धावले. भांडण मिटवून नवराबायकोची समजूत घालत बसले. तेवढ्यात मागून सोबत्यांनी ठाण्यात शिरून बंदुका आणि काडतुसं लंपास केली. ती मार खाणारी बायको म्हणजे हौसाताई. नवरा खरा नव्हता, चळवळीतलाच एक सोबती होता. मार मात्र खराच बसला. सत्तर वर्षांनी ही हकिगत सांगतानासुद्धा त्यांचा त्या खोट्या नवऱ्यावरचा राग गेला नव्हता.

ऐकून हसू येतं. पण विचार करा. नवरा बायकोला रस्त्यात मारतोय, हे दृश्य तेव्हा कुणालाच खोटं वाटलं नाही, इतकं ते रोजचं होतं. बाईच्या वाट्याला येणारा मारच या पोरीनं हत्यार म्हणून वापरला.

दुसरी कामगिरी गोव्याची, 1944 ची. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य. तिथून हत्यारं आणायला गेलेले बाळ जोशी पकडले गेले आणि पणजीच्या तुरुंगात अडकले. त्यांची बहीण म्हणून हौसाताई त्यांना भेटायला गेल्या. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात लपवलेली. परत येताना मांडवी नदी ओलांडायची होती. मध्यरात्र, पोलिसांचा पहारा. त्या लाकडी पेटीवर ओणव्या झाल्या, सोबती बाजूनं पोहत राहिले आणि अशी ती नदी पार केली. पुढं मोठा रस्ता टाळून जंगलवाटेनं चालत घर गाठलं. अंबाडा, लुगडं, बहिणीचं नातं, या आपल्या रोजच्या गोष्टी. त्यांचीच त्यांनी ढाल केली.

स्वातंत्र्य मिळालं. हौसाताईंचे पती भगवानराव मोरे पाटील हेसुद्धा चळवळीतलेच. दोघांनी संसार केला, शेती केली, मुलं वाढवली. पुढं त्या विट्याला राहिल्या. पण चळवळ संपली असं त्यांनी कधी मानलं नाही. 2018 साली देशभरातले शेतकरी दिल्लीत जमले, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या या बाईनं घरातून त्यांना पाठिंब्याचा निरोप पाठवला. 23 सप्टेंबर 2021 रोजी त्या गेल्या.

त्याच चळवळीतल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर. कोवळ्या वयात घर सोडून त्या भूमिगत कामात शिरल्या. 1952 साली पती बाबूजी पाटणकरांचा खून झाला. पदरात लहान मुलगा. इंदुताईंनी शिक्षिकेची नोकरी केली, मुलाला वाढवलं आणि पुढं नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या. 2017 साली त्या गेल्या. घर आणि लढा अशा दोन वेगळ्या वाटा या बायांना ठाऊकच नव्हत्या.

आता एक योगायोग सांगतो. पानशेत रस्त्यानं पुण्याला जाताना खडकवासला लागतं. तिथल्या एन.डी.ए.मध्ये, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, वर्षानुवर्षं फक्त मुलांनाच प्रवेश होता. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना तिथली परीक्षा देऊ द्या असं सांगितलं. पुढच्याच महिन्यात हौसाताई गेल्या. 2022 मध्ये मुलींची पहिली तुकडी आत गेली आणि मे 2025 मध्ये सतरा मुली शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. आपल्याकडच्या पोरी पहाटे भरतीसाठी पळायला जातात, तेव्हा 'हे बायकांचं काम आहे का?' असं विचारणारी माणसं अजून भेटतात. त्यांना भवानीनगरची आणि मांडवीची गोष्ट सांगा.

पण आजचा आमचा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. हौसाताईंची गोष्ट आपल्याला कळली कशी? पी. साईनाथ नावाचे पत्रकार विट्याला त्यांच्या घरी गेले, समोर बसले, त्यांनी विचारलं आणि ऐकलं. पुढं पुस्तकातही लिहिलं. तोवर बाहेरच्या जगाला ही बाई फारशी ठाऊक नव्हती. कुणी विचारलंच नसतं, तर 'नाना पाटलांची लेक' एवढीच तिची ओळख उरली असती.

कागदाचं तर विचारूच नका. केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी तुरुंगात काढलेल्या दिवसांचा दाखला लागे. बायकांना निदान तीन महिन्यांचा. भूमिगत असेल, तर वॉरंट नाहीतर पकडून देण्याचं बक्षीस लागल्याचा कागद. आता सांगा, रात्री दहा जणांच्या भाकऱ्या थापून रानात पोचवणाऱ्या बाईच्या नावावर वॉरंट कुठून निघणार? चुलीमागं चिठ्ठ्या लपवणाऱ्या सासूबाईंना दाखला कोण देणार? सापडली नाही, हीच तिची हुशारी. आणि सापडली नाही म्हणूनच ती कागदावर आली नाही.

आपल्या डोंगरातही अशा बाया होऊन गेल्या. 1921 पासून शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला, त्यात बायका होत्या. भाटघरच्या पाण्याखाली गावं गेली, पुढं पानशेतखाली गेली, तेव्हा डोक्यावर संसार घेऊन नव्या जागी चूल मांडणाऱ्या बायकाच होत्या. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं. 1972 चा दुष्काळ आला, बायकांनी खडी फोडली आणि पोरं जगवली. यातलं पाहिलेल्या म्हाताऱ्या अजून आपल्या ओसरीवर बसलेल्या आहेत. पण दर पावसाळ्यागणिक त्या कमी होताहेत.

म्हणून गटांना आमचं एक सांगणं आहे. येत्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की अर्धा तास राखून ठेवा. गावातल्या सगळ्यात थोरल्या आजीला बोलवा, नाहीतर तिच्या घरी जा. तिची परवानगी घ्या आणि मोबाईलवर आवाज भरून घ्या. 'तुम्ही काय पराक्रम केला?' असं विचाराल तर ती म्हणेल, 'मी कसला पराक्रम करतीय बाई?' म्हणून साधं विचारा. त्या वर्षी घरात काय शिजत होतं? रात्री कोण यायचं? डोक्यावर काय वाहिलं, कुठवर चालत गेलात? घरधनी नसताना कारभार कुणी पाहिला? सालं आठवत नसतील तर लग्नावरून, पोराच्या जन्मावरून, दुष्काळावरून जुळवा. तिच्याच बोलीत लिहून घ्या, शब्द सुधारायला जाऊ नका. शाळेतल्या मुलींना लिहायला बसवा, म्हणजे आजीची गोष्ट नातीच्या अक्षरात उतरेल. एक वही गटाच्या दप्तरात ठेवा, एक त्या घरी द्या.

हौसाताईंना आदरांजली वाहायची तर हार-फोटोपेक्षा ही वही आम्हाला मोलाची वाटते. ज्यांनी घर राखलं, श्रद्धा राखली आणि वेळ आली तेव्हा नदीही पार केली, त्या सगळ्याजणींची नावं आपल्या हातानं कागदावर येऊ देत. तुमच्या वहीतली एखादी गोष्ट आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भागात आपण ती वाचू. तोवर रामराम.