बाळाची कावीळ आणि निळा प्रकाश

नवजात बाळाला कावीळ झाली की घरातली मोठी माणसं सांगतात, ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल.’ या सल्ल्यामागचं निरीक्षण खोटं नाही. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत. एका बाळाचं उघडं अंग फिकट झालं. चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोणी तुकडा तेवढा पिवळाधमक राहिला. याच रुग्णालयातून 1958 मध्ये डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्यांच्या उपचाराचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

मग ऊनच का पुरू नये? कारण प्रकाश इथे औषध आहे आणि औषधाला मात्रा लागते. सुमारे 460 ते 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याच्या रेणूची ठेवण बदलतो. एरवी यकृतानं प्रक्रिया केल्याशिवाय बाहेर न पडणारं हे द्रव्य मग थेट पित्तातून, लघवीतून निघून जातं. उन्हात हा प्रकाश असतो, पण सोबत अतिनील किरण आणि उष्णताही येते. ढग आला की मात्रा घटते. म्हणून रुग्णालयात मोजून प्रकाश देणारा दिवा वापरतात. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट असं बाळ दिव्याखाली पाहून आईचा जीव कासावीस होतो, ते स्वाभाविकच. पण पाजण्यासाठी त्याला बाहेर घेता येतं, घ्यावंच. बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला आणि श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासं झालं, तर उन्हाची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.