नांदेडचा विमानतळ : गोठा आणि वैरण



धावपट्टी झाली की विमानतळ झाला, असे आपण सहज म्हणतो. शेजारच्या नांदेडचा इतिहास मात्र निराळे सांगतो. तेथील धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५८ साली बांधली. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा आला. देशोदेशींचे भाविक यावयाचे म्हणून विमानतळाचे नूतनीकरण झाले. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेखाली हैदराबादचे विमान सुरू झाले. पुढे सेवा खंडित झाली आणि २०२४ साली पुन्हा सुरू झाली. पट्टी जागच्या जागी राहिली. विमाने मात्र आली आणि गेली.

असे का व्हावे? 'उडान'मध्ये खर्च आणि उत्पन्न यांतील तूट सरकार भरून देते, पण ती ठराविक मुदतीपुरती. मुदतीनंतर खुर्च्या प्रवाशांनीच भरावयाच्या असतात.

आपण देवणीची माणसे. जातिवंत बैलाचे मोल जाणतो. गोठा बांधल्याने बैल पोसला जात नाही. त्याला रोजची वैरण लागते. विमानतळाची वैरण म्हणजे नित्याचा प्रवासी आणि माल. म्हणून उद्या कोणी आपल्या भागात नव्या धावपट्टीसाठी जमीन मागावयास आला, तर त्याला आधी एवढेच विचारा : गोठा ठीक आहे, वैरणीचे काय?