आज रात्री काय करायचं?

मी झाशीहून बोलते आहे. आमच्या गावात मराठी घरं नवी नाहीत. १८४२ मध्ये मनुबाईंचं लग्न इथल्याच गणेश मंदिरात झालं आणि त्या राणी लक्ष्मीबाई झाल्या. ते मंदिर आजही आहे, भाद्रपदात आम्ही तिथे जमतो. एवढं ऐकल्यावर मी इतिहासावर बोलणार असं तुम्हाला वाटेल. तर नाही. मी संध्याकाळच्या स्वयंपाकावर बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वडिलांचा सांगलीहून फोन आला. थोरला तेव्हा सहा वर्षांचा. आबांनी विचारलं, "काय जेवलास रे आज?" मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "मम्मी, क्या पूछ रहे हैं?"

बरं, प्रश्न अवघड नव्हता. आबा हळू बोलतात, स्पष्ट बोलतात. पण हा प्रश्न त्याच्या कानावर मराठीत कधी पडलाच नव्हता. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, कार्टून हिंदी. राहिलं घर. आणि घरी आम्ही त्याच्याशी मराठीत किती बोलत होतो? "चल, आवर, आ कर, गिळ, झोप." बस. कारण संध्याकाळी सहा ते नऊ मी ओट्यापाशी आणि मुलं मोबाइलपाशी. भरवायचं तेही मोबाइल समोर धरून. त्या रात्री झोप लागेना, तेव्हा मी हिशेब केला, की आमच्या घरात चौघं एकत्र बसतात ती वेळ दिवसात किती? उत्तर होतं शून्य मिनिटं.

माझी नोकरी बँकेत. घरी पोचायला सव्वासहा होतात. नवरा रेल्वेत, त्याच्या ड्यूटीच्या वेळा बदलत्या. धाकटी तेव्हा तीनची. सासूबाई आमच्याकडे असतात, मुलांना शाळेतून आल्यावर सांभाळतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहून स्वयंपाक होत नाही. आणि का करावा त्यांनी? चाळीस वर्षं केला.

मग मी सगळे करतात तेच केलं. मोबाइलवर बघून एक तक्ता केला. सात दिवस, तीन वेळा, एकवीस पदार्थ, रंगीत पेनांनी. फ्रिजवर चिकटवला. नवव्या दिवशी काढला. सोमवारी तक्त्यात भरली वांगी आणि मंडईत वांगी किडकी. मंगळवारी मेथीचे पराठे, पण मेथी निवडणार कोण? बुधवारी लाइट गेली, मिक्सर बंद. तक्त्यात पदार्थ होते. पण कोण किती वाजता घरी येतं, काय भिजलंय, काय चिरलंय, हे त्यात कुठेच नव्हतं. आमच्या घरी 'रुचिरा' आहे, सासूबाईंची, पानं पिवळी पडलेली. कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं आणि सुनांच्या दोन पिढ्या तरून गेल्या. पण मंगळवारी काय करायचं, हे त्यांनी तरी कसं सांगावं?

मला दमवत होतं ते स्वयंपाक करणं नव्हतं. ठरवणं दमवत होतं. दुपारी चारला काउंटरवर माणूस समोर उभा असतो आणि माझ्या डोक्यात कडीपत्ता संपलाय हे फिरत असतं. २०१९ साली सरकारने घराघरांतल्या वेळाची मोजणी केली होती. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांमध्ये बायकांची रोजची सरासरी आली २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७. काउंटरवरचा माझा कडीपत्ता त्यात धरला होता की नाही, देव जाणे.

तेव्हा पदार्थ ठरवणं मी सोडून दिलं आणि भांडी ठरवली. हसू नका. सोमवार कुकरचा. मंगळवार कढईचा. बुधवार तव्याचा. गुरुवार नवऱ्याचा, त्याबद्दल नंतर सांगते. शुक्रवार एका भांड्याचा. शनिवार-रविवार ज्याला जे सुचेल ते. भांडं ठरलं की पन्नास पदार्थांतले पाचच उरतात, आणि त्या पाचांत मंडईत आज काय चांगलं आहे ते बसतं.

सोमवार जरा सविस्तर सांगते, कारण सगळा आठवडा त्याच्यावर उभा आहे. कुकरमध्ये खाली तूरडाळ, दोन दिवस पुरेल एवढी, म्हणजे आम्हा पाच जणांना दोन वाट्या. वर भात. भाताच्या भांड्यावर ताटलीत दोन बटाटे आणि गाजराच्या फोडी. डाळ सकाळी भिजवून जायचा सल्ला सगळे देतात. झाशीत तो मे महिन्यात देऊ नका. इथे पारा ४५ च्या पुढे जातो, सकाळी नऊला भिजवलेली डाळ संध्याकाळी आंबूस वास मारते. भिजवायचीच तर फ्रिजमध्ये. नाहीतर मी आल्या आल्या गरम पाण्यात टाकते, हातपाय धुऊन, धाकटीचं ऐकून होईपर्यंत वीस मिनिटं होतात, तेवढी पुरतात. सातला कुकर उतरतो. निम्म्या डाळीचं साधं वरण: हिंग, हळद, मीठ, गुळाचा खडा. वर तूप, लिंबू. उरलेली डाळ फोडणी न देता, गार झाली की लगेच डब्यात आणि फ्रिजमध्ये. फोडणी दिलेली डाळ दुसऱ्या दिवशी शिळीच लागते, न दिलेली डाळ हवं ते रूप घेते. भात उरला तरी तसंच. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, नंतर उकळी आणली तरी त्यातला दोष जात नाही. तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत गरम करायचा, आणि एकदाच.

मंगळवारी त्या डाळीच्या चकोल्या. कोणी वरणफळं म्हणतात. डाळीला चिंच-गूळ, गोडा मसाला घालून सैल आमटी उकळत ठेवायची, कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडायचे, दहा मिनिटं शिजवायचे. पोळी नको, भात नको, भाजी नको. आमच्या शेजारच्या काकू मूळच्या बनारसच्या. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, ये तो दाल का दूल्हा है!" त्यांच्याकडे त्या तुकड्यांना फुलासारखी चिमटी घालतात. झालं, तेव्हापासून आमच्याकडे नवरदेव करायला दोन्ही मुलं ओट्याशी खुर्च्या ओढतात. दहा मिनिटांचे पंचवीस होतात. पण ती पंचवीस मिनिटं मराठीत असतात.

बुधवारी तव्यावर थालीपीठ किंवा धिरडी. भाजणी मी इथेच दळून आणते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरं, सगळं वेगवेगळं खमंग भाजून. आमचा चक्कीवाला सुरुवातीला दळूनच देईना. म्हणाला, धन्याचा वास पुढच्याच्या गव्हाला लागतो आणि गिऱ्हाईक भांडतं. त्याचंही बरोबर. आता मी रात्री दुकान बंद व्हायच्या वेळेला शेवटची जाते. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, रायपूरला असा, तुमच्याही चक्कीवाल्याशी आधी हे बोलून घ्या.

शुक्रवारी तहरी. महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगते: हा उत्तर प्रदेशातला पिवळा भाज्यांचा भात. थंडीत मटार, फ्लॉवर, बटाटा, गाजर. कुकरमध्ये तेल, जिरं, तमालपत्र, दोन लवंगा, आलं. आलं आमच्याकडे बरुआसागरचं, ते इथलं नावाजलेलं. मग भाज्या, हळद, धुतलेले तांदूळ, दुप्पट पाणी, दोन शिट्ट्या. सोबत दही. मसालेभाताला गोडा मसाला लागतो, खोबरं लागतं, वर कोथिंबीर लागते. तहरीला काही लागत नाही. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "हा कसला ग आजारी मसालेभात?" आता शुक्रवारी दही लावून ठेवतात त्याच.

रविवारी सकाळी मी एक तास घालवते. आठवड्याचा स्वयंपाक करून ठेवत नाही. ते करून पाहिलं, उन्हाळ्यात लाइट गेली की सगळं फुकट, आणि गुरुवारची भाजी गुरुवारी रडते. मी फक्त निवडणं करते. मटार सोलायचे, पालेभाजी निवडून कापडात गुंडाळायची, शेंगदाणे भाजून कूट. अख्खे शेंगदाणे लहान मुलांच्या हाती देऊ नका, चार-पाच वर्षांचे होईपर्यंत घशात अडकायची भीती असते, कूट चालतं. मटार सोलायला मुलं बसतात. निम्मे खातात. खाऊ देत, ती भाजीच आहे.

आता मुलांच्या भुकेबद्दल. ही चूक मी तीन वर्षं केली. मी सव्वासहाला येणार, तोवर मुलं भुकेली, म्हणून हातात बिस्किटं. आठला ताट वाढलं की तोंड फिरवणार. मग मी चिडणार. खरं म्हणजे त्यांचं पोट लहान आणि भूक सहाची. त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती, माझी नव्हती. आता सहाला सासूबाई त्यांना जेवणाचाच एक घास देतात: काकडी, केळं, उकडलेला बटाटा, सकाळच्या पोळीला तूप-गूळ लावून गुंडाळी. आणि ताट आठवरून साडेसातला आणलं. फार मोठा बदल नाही, पण रडारड गेली.

वेगळा स्वयंपाक मुलांसाठी मी करत नाही. तिखट घालण्याआधी त्यांचं काढून ठेवते. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचं एक म्हणणं मला पटलं: काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे आईबापांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग उपाशी राहील पोर. म्हणून तडजोड अशी, की प्रत्येक ताटात एक गोष्ट तरी तिला नक्की आवडणारी असणार. दही-भात म्हणा, पोळी म्हणा. नवी भाजी बोटभर, आग्रह नाही. एखादी चव मुलाच्या ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते म्हणतात. दुधी भोपळ्याच्या बाबतीत आम्ही अजून मोजतोच आहोत.

आणि गुरुवार. नवरा आधीही "मदत" करायचा. "सांग काय करू," असं विचारायचा. पण सांगणं हेच तर काम होतं! म्हणून गुरुवार अख्खा त्याचा. काय करायचं तेही त्याने ठरवायचं, बेसन संपलंय का तेही त्याने बघायचं. ड्यूटी संध्याकाळची असेल तर त्याने सकाळी करून जायचं किंवा वार बदलून घ्यायचा, पण तो विचार त्याचा. पहिल्या गुरुवारी मला बँकेत तीन फोन आले. मोहरी कुठे आहे, हिंग किती, पिठल्यात गाठी झाल्या तर काय. तिसरा मी उचलला नाही. घरी आले तर गाठींचं पिठलं, जाड पोळ्या आणि कच्चा कांदा, आणि मुलं हसत जेवत होती. मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला त्या आठवड्यातलं सगळ्यात कठीण काम वाटलं. मला माझ्याच पद्धतीचं पिठलं हवं असेल तर ते मलाच करावं लागणार, हे उघड आहे. आता तो पिठलं चांगलं करतो. पोळ्या अजून जाडच.

एक गोष्ट कबूल करते. हे सगळं नेहमी जमत नाही. मार्चअखेरीला बँकेत रात्रीचे आठ-नऊ होतात. त्यासाठी एक डबा आहे: मेतकूट, लोणचं, तुपाची बरणी आणि पापड. मऊ भात तेवढा लावायचा. माझ्या आईला हे आजाऱ्याचं जेवण वाटतं. मुलांना सणाचं वाटतं.

साडेसात ते सव्वाआठ मोबाइल कपाटावर असतो, माझासुद्धा. जेवताना कोणी हिंदीत बोललं तर आम्ही टोकत नाही, फक्त उत्तर मराठीत देतो. 'वाढ', 'घे', 'पुरे', 'अजून थोडं', 'सांडलं', 'कोशिंबीर', 'साय', 'खरपूस' हे शब्द पुस्तकातून शिकवता येत नाहीत, ते ताटातून येतात. सहा महिन्यांनी आबांचा परत तोच प्रश्न आला. थोरल्याने फोन माझ्याकडे दिला नाही. म्हणाला, "आबा, मैंने चकोल्या खाल्ल्या. दोनदा घेतल्या. धाकटी ने सांडल्या." आबा पलीकडे इतका वेळ गप्प राहिले, की मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, "गूळ घातला होता का रे?"

आज बुधवार आहे, म्हणजे आमच्याकडे तव्याचा वार. भाजणी काढून ठेवलीये, कांदा चिरून फ्रिजमध्ये आहे, आणि सासूबाईंनी आत्ताच काकडी सोलायला घेतली असेल. तुमचे काही प्रश्न असतील तर विचारा, पण सव्वासहाच्या आत.