एका गंजांतील कोंबडी-रस्सा

दसरा उलटून शेतांत कापूस फुटूं लागला, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील खेड्यांत घरें दिवसभर ओस पडतात. बायामाणसें सकाळींच भाकरी बांधून वेचणीला जातात आणि दिवेलागणीला परततात. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनीं बोटें ओरखडलेलीं असतात, दिवसभर वांकून कंबर धरलेली असते. आणि नेमका अशाच एखाद्या संध्याकाळीं ओट्यावर पाहुणा येऊन बसलेला असतो. मग अंगणांतील कोंबडा धरला जातो. चूल एक, मोठें भांडें एक, रांधणारी एक आणि हातांत वेळ जेमतेम दीड-दोन तासांचा. तेवढ्या सामग्रींत आठ-दहा माणसांचें पोटभर आणि चवीचें जेवण तयार होतें, तें ज्या पद्धतीनें होतें ती पद्धत शहरांतील घरांनीं समजून घेण्याजोगी आहे. पुण्यामुंबईकडे सायंकाळीं सात वाजतां कचेरींतून परतणाऱ्या गृहिणीची अडचण याहून फारशी निराळी नसते. फक्त तिच्या ओट्यावर पाहुण्याऐवजी गॅसची शेगडी असते.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा केलेला बरा. ज्याला इतरत्र पातेलें म्हणतात, त्याला विदर्भांत गंज म्हणतात. आणि वऱ्हाडी बाईनें ‘वरून सांबार घाला’ असें सांगितलें, तर तिला कोथिंबीर अभिप्रेत असते. हें ठाऊक नसल्यामुळें मद्रासी सांबाराचा मसाला रश्श्यांत घालून बसणारा शहरी माणूस ही केवळ थट्टेची कल्पना नव्हे.

आतां रस्साच कां, हा प्रश्न. खेड्यांत कोंबड्या हें बहुधा घरांतील बाईचें धन असतें. अंडीं आणि पिलें विकून आलेल्या पैशांतून बाजाराच्या दिवशीं मीठमिरची येते, मुलाची वही येते. त्यामुळें कोंबडी कापणें म्हणजे त्या थोडक्या पुंजीला हात घालणें होय. साफ केलेल्या गावरान कोंबडीचें मांस किलोभर, फार तर थोडें अधिक भरतें. तें कोरडें परतून वाढलें तर चौघांची हौस फिटेल आणि बाकीचे पानाकडे पाहत बसतील. तेंच मांस दाट, सुवासिक रश्श्यांत शिजविलें म्हणजे त्याचा कस साऱ्या रश्श्यांत उतरतो, आणि ज्याच्या वाट्याला एकच फोड येते तोही तीन भाकरी कुस्करून खाऊं शकतो. म्हणजे रस्सा हा येथें मांसाभोवतीचा शृंगार नाहीं. एक पक्षी साऱ्या घराला पुरविण्याची ती युक्ति आहे. म्हणूनच तो पातळ किंवा बेचव झाला तर सारें जेवण फसतें, आणि म्हणूनच त्याचें वाटण घरीं, ताजें करण्याचा आग्रह वऱ्हाडांतील जुन्या बायका धरतात.

वऱ्हाडी रस्सा म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारें तिखट, अशी समजूत खानावळींनीं दूरवर पसरविली आहे. नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या घरांतून बाहेर आलेला सावजी रस्सा खरोखरच जहाल असतो, आणि त्याचे चाहते त्याच जहालपणासाठीं त्याच्याकडे जातात. परंतु घरगुती रश्श्यांत मिरची ही अनेकांपैकीं एक. मुळांत मिरचीचें पीक आपल्या देशांत सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आलें. त्यापूर्वीं, बाराव्या शतकांत, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मांसाच्या अनेक पाककृति वर्णिल्या गेल्या, त्या अर्थातच मिरचीवांचून. तेव्हां मिरची कमी पडली तर रस्सा वऱ्हाडी राहणार नाहीं, हें भय कोणीं बाळगूं नये. लाल रंग हवा आणि दाह नको असेल तर तिखटांत ब्याडगी मिरचीचा भाग वाढवावा. तोंडाला चटका हवा असेल तर नागपूर जिल्ह्यांतील भिवापूरची मिरची आहेच.

वाटणासाठीं लागणारें साहित्य किलोभर कोंबडीच्या मानानें असें: मध्यम आकाराचे तीन कांदे, सुक्या खोबऱ्याची अर्धी लहान वाटी, म्हणजे सुमारें पन्नास ग्रॅम, प्रत्येकीं एक मोठा चमचा तीळ आणि खसखस, दोन मोठे चमचे धणे, चार लवंगा, सहा-सात मिरे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि चिमूटभर दगडफूल. लसणाच्या पंधरा पाकळ्या आणि इंचभर आलें निराळें वाटावें. दगडफुलाविषयीं मात्र हात आंखडता ठेवावा. तें योग्य प्रमाणांत असेल तर रश्श्याला भाजलेल्या मातीसारखा एक खोल वास येतो. जास्त झालें तर तोच वास कडवट होऊन साऱ्या गंजावर बसतो.

खेड्यांतील बाईला एवढें सगळें भाजण्यासाठीं दुसरें भांडें लागत नाहीं. कांदे ती सालीसकट निखाऱ्यांत खुपसते आणि खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरते. बाहेरची साल जळते, आंतला कांदा मऊ आणि गोडसर होतो, आणि धुराचा जो वास त्याला लागतो तो कोणत्याही पुडींतल्या मसाल्यांत मिळत नाहीं. गॅसच्या शेगडीवर जाळीवर कांदा ठेवून हें साधतें. जाळी नसेल तर ज्या गंजांत रस्सा करावयाचा त्यांतच आधीं कोरडे मसाले भाजावे, ते काढून खोबरें लालसर करावें, आणि शेवटीं चमचाभर तेलावर चिरलेला कांदा तांबूस होईपर्यंत परतावा. हा क्रम उलटा करूं नये. आधीं तेल पडलें कीं खसखस-तीळ भाजले न जातां तळले जातात आणि भांड्याला चिकटून करपतात. भाजलेलें सर्व थंड होऊं द्यावें, मग पाट्यावर किंवा मिक्सरमध्यें अगदीं थोडें पाणी घालून गंधासारखें वाटावें. रश्श्याचा दाटपणा या बारीक वाटण्यावर अवलंबून असतो. वाटण भरड राहिलें तर खोबरें एकीकडे आणि पाणी दुसरीकडे होतें.

भाजणें-वाटणें चालू असतां कोंबडी रिकामी बसलेली नसावी. तिच्या फोडींना मीठ, हळद आणि आलें-लसणाचें अर्धें वाटण चोळून ठेवावें. येथें एक गोष्ट जुन्या संवयीच्या विरुद्ध जाणारी असली तरी सांगितली पाहिजे. नळाच्या धारेखालीं कच्चें मांस खळखळून धुणें आजचें आरोग्यशास्त्र योग्य मानीत नाहीं, कारण त्यांतील जंतु शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जाऊन बसतात. धुतल्याशिवाय मन मानत नसेल तर खोल भांड्यांत पाणी घेऊन हलक्या हातानें धुवावें, आणि नंतर हात, सुरी व ओटा साबणानें स्वच्छ करावा. जंतु मरतात ते धुण्यानें नव्हे, शिजण्यानें. 2006 सालच्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें देशांतील पहिली बर्ड फ्लूची सांथ आढळली, तेव्हां लोकांनीं धास्तीनें कोंबडीच सोडली होती. परंतु तो विषाणुही सत्तर अंशांच्या उष्णतेंत, मांस आंतपर्यंत नीट शिजलें असतां, टिकत नाहीं. हाडाजवळचा लालसरपणा जाऊन त्यांतून निघणारें पाणी स्वच्छ दिसलें पाहिजे, ही घरगुती परीक्षा. घरांत स्वयंपाकाचा उष्णतामापक असल्यास सर्वांत जाड फोडीच्या मध्यभागीं चौऱ्याहत्तर अंश दिसले म्हणजे निर्धास्त व्हावें.

आतां खरा स्वयंपाक. त्याच गंजांत पांच-सहा मोठे चमचे तेल तापवावें. वऱ्हाडांत जवसाचें तेल पूर्वीं वापरीत, आज शेंगदाण्याचें किंवा सोयाबीनचें असतें, हरकत नाहीं. तेलांत उरलेलें आलें-लसूण परतून विस्तव मंद करावा आणि मगच दोन-तीन चहाचे चमचे तिखट घालावें. मिरचीचा रंग आणि तिचा तिखटपणा हीं दोन्ही पाण्यांत नव्हे, तर तेलांत विरघळतात. म्हणून तिखट तेलांत पडलें पाहिजे. पण तेल धुरावत असेल तर तें क्षणांत काळें पडून कडू होतें. रश्श्यावर शेवटीं जी लाल तर्री तरंगते, तिचें मूळ या अर्ध्या मिनिटांत असतें. लगेच कोंबडीच्या फोडी घालाव्या, म्हणजे त्यांच्या ओलाव्यानें तिखट जळत नाहीं. फोडींना सुटलेलें पाणी आटेपर्यंत, दहाएक मिनिटें, त्या परताव्या. मग वाटण घालून तें बाजूनें तेल सोडूं लागेपर्यंत ढवळत राहावें. याच टप्प्यावर बहुतेकांची घाई होते. वाटण कच्चें राहिलें तर रश्श्याला कांद्याचा उग्र दर्प येतो, आणि पुढें कितीही उकळलें तरी तो पूर्णपणें जात नाहीं.

नंतर गंजावर खोलगट ताटली झांकावी आणि ताटलींत पाणी ओतावें. ही साधी युक्ति दुहेरी कामाची आहे. वर थंड पाणी असल्यामुळें आंतली वाफ झांकणाखालीं थेंब होऊन परत रश्श्यांत पडते, आणि सुवास घरभर उधळण्याऐवजीं भांड्यांत राहतो. शिवाय खालीं पाणी घालावयाचें तेव्हां ताटलींतलें पाणी गरम झालेलें असतें. उकळत्या रश्श्यांत थंड पाणी ओतलें तर उकळी मोडते आणि शिजणें रेंगाळतें. आठ माणसांसाठीं चार-पांच पेले पाणी पुरे.

किती वेळ शिजवावें, हें पक्ष्यावर ठरतें. दुकानांत मिळणारा ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आसपास वाढवून विकलेला असतो. त्याचें मांस कोंवळें, तें वीस-पंचवीस मिनिटांत शिजतें, आणि त्याहून फार वेळ ठेवलें तर धाग्याधाग्यांनीं सुटून बेचव होतें. गावरान कोंबडा कित्येक महिने अंगणांत हिंडलेला, धांवलेला. त्याच्या स्नायूंतील चिवट तंतु मंद विस्तवावर तास-सव्वा तासांत विरघळतात आणि त्यांचाच चिकट, पौष्टिक अंश रश्श्यांत उतरतो. गावरान रस्सा ओठांना चिकटतो तो यामुळें. चूल असेल तर अशा वेळीं गंज वैलावर सरकवून पुढच्या तोंडावर तवा ठेवतात. शहरांत प्रेशर कुकर हाच गंज समजून त्यांत परतण्यापासूनचें सारें करावें आणि गावरान कोंबडीला मंद आंचेवर तीन-चार शिट्या द्याव्या.

रस्सा पातळ वाटल्यास चमचाभर ज्वारीचें पीठ थंड पाण्यांत कालवून शेवटच्या पांच-सात मिनिटांत ओतावें. कोरडें पीठ उकळत्या रश्श्यांत टाकल्यास त्याच्या गाठी होतात, आणि त्या मोडीत बसण्यांत वांचविलेला सगळा वेळ जातो. ज्वारीच्या पिठानें येणारा दाटपणा मैद्यासारखा गुळगुळीत नसतो. भाकरीशीं त्याचें नातें लगेच जुळतें.

भाकरी थापण्यास उसंत नसेल त्या दिवशीं जेवण खरोखर एकाच भांड्यांत उरकतां येतें. वरणांत शिजविलेल्या कणकेच्या चौकोनी फळांना विदर्भांत चकोल्या म्हणतात. तशाच पातळ लाटलेल्या कणकेच्या शंकरपाळ्याएवढ्या वड्या, ब्रॉयलर असल्यास कोंबडीबरोबर अर्ध्या शिजण्यावर, उकळत्या रश्श्यांत एकेक करून सोडाव्या आणि दहा मिनिटें झांकण ठेवावें. पाणी मात्र पेलाभर जास्त धरावें, कारण कणीक तें पिते. आणि अशा वेळीं ज्वारीचें पीठ घालण्याचें कारणच उरत नाहीं. दोन बटाटे फोडी करून घातले तर एखाद्या वाढत्या मुलाचें आणखी भागतें. विस्तव विझविल्यावर सांबार घालून गंज दहा मिनिटें तसाच राहूं द्यावा, म्हणजे तर्री वर येते. ज्यांना वैद्यानें तेल वर्ज्य केलें असेल त्यांच्यासाठीं ती पळीनें काढणेंही याच वेळीं सोपें पडतें, आणि ती नको असलेल्या माणसाशेजारीं ती हवी असलेला दुसरा बहुधा बसलेलाच असतो.

वाढण्याविषयीं मात्र कांहीं स्पष्ट बोललें पाहिजे. कित्येक घरांत पाहुणे, मग पुरुष, मग मुलें आणि सर्वांच्या शेवटीं रांधणारी, असा क्रम अजून चालतो. तिची पाळी येईतों गंजांत तर्री आणि दोन पाठीचीं हाडें उरतात. जिची कोंबडी, जिचा शीण, तिच्याच पानावर फोड नसावी, हा व्यवहार कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं. भाकऱ्या तव्यावरून एकेक गरम वाढावयाच्या तर ती चुलीजवळून उठूं शकत नाहीं, ही सबब पुढें केली जाते, आणि ती अगदींच खोटी नाहीं. पण चकोल्यांच्या रश्श्याला ती सबब लागूं पडत नाहीं. त्यांत शेवटच्या क्षणीं करावयाचें कांहीं राहत नाहीं. गंज उचलून पंक्तीच्या मध्यें ठेवतां येतो, फोडी माणसें मोजून वाढतां येतात आणि तिचें पान इतरांच्या पानाबरोबरच मांडतां येतें. भाकरीच्या दिवशीं हें साधावयाचें तर भाकऱ्या आधीं करून फडक्यांत गुंडाळाव्या. किंचित् कमी गरम भाकरी रश्श्यांत कुस्करल्यावर कोणाला ओळखूं येते?

उरलेला रस्सा थंडीच्या दिवसांतही रात्रभर ओट्यावर ठेवूं नये. तो दोन तासांच्या आंत शीतकपाटांत ठेवावा आणि सकाळीं नुसता कोमट न करतां खळखळून उकळूं द्यावा. रात्रीपेक्षां सकाळीं तो अधिक मुरलेला लागतो, आणि शिळ्या भाकरीबरोबर त्याची न्याहारी झाली म्हणजे शाळेच्या डब्याची आठवणही मुलांना उशिरां होते. गंजाच्या तळाला चिकटलेला मसाला भाकरीच्या तुकड्यानें पुसून खाण्याचा मान कोणाचा, यावर भावंडांत नेहमीं तंटा होतो. तो मान एखादे वेळीं रांधणारीनें स्वतःकडे ठेवावयास हरकत नाहीं.