ताठ उभा वाटाणा



वाटाण्याचं पीक लोळतं, ही त्याची जुनी खोड. शेंगा भरल्या की वेल आडवा होतो, मातीला टेकलेल्या शेंगा कुजतात आणि कापणी यंत्राच्या पात्याला त्या सापडतही नाहीत. वैरणीसाठी वाटाणा ओटसोबत पेरतात, तेव्हा तो ओटच्या ताटाला तणावे गुंडाळून वर चढतो. पण दाण्यासाठी नुसता वाटाणाच पेरला, तर आधार कोणाचा?

इंग्लंडात नॉरिचच्या जॉन इनेस संस्थेत ब्रायन स्नोड १९७० च्या दशकात याच प्रश्नामागे लागले. पानाच्या दलांऐवजी नुसते तणावेच येणारा वाटाणा आधीच सापडलेला होता. अशी झाडं दाट पेरली की तणावे एकमेकांत गुंततात आणि सगळं शेत एकमेकांना धरून उभं राहतं. वारा खेळतो, दाणे लवकर वाळतात. स्नोड पुढे गेले. पानाच्या बुडाशी असणारी मोठी उपपर्णंही ज्यामुळे चिमुकली होतात, ते जनुकही त्यांनी त्यात आणलं. झाड दिसायला तारांच्या जाळीसारखं झालं! पण पान नाही, तर अन्न शिजवणार कोण? उत्पन्नाला फटका बसला. शेवटी शेतात टिकला तो मधला वाण: दलांचे तणावे झालेले, उपपर्णं मात्र शाबूत. युरोप-कॅनडातला सुका वाटाणा आज बहुतेक या जातीचाच.

आपल्या पुरंदरकडे मात्र हिरव्या शेंगा हातानेच तोडतात, तिथे या ताठपणाचं फारसं अप्रूप नाही. आपलं खरं दुखणं भुरी रोगाचं. अर्केलसारखा लवकर येणारा, गोड वाण तिला चटकन बळी पडतो. भुरीला दाद न देणारे वाटाणे पेरू देशात आढळल्याचं शास्त्रज्ञ हारलंड यांनी १९४८ साली नोंदवलं. असा गुण आपल्या वाणात आणायचा तर काम नाजूक. वाटाण्याचं फूल उमलण्याआधीच स्वतःचं परागण उरकून घेतं. म्हणून मिटलेली कळीच चिमट्याने उघडायची, आतले दहाही पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. एवढं करूनही पहिल्या पिढीत प्रत्येक झाडावर भुरी येतेच, कारण हा गुण दबून राहणारा. दुसऱ्या पिढीत साधारण चारात एक झाड निरोगी निघतं. ते ओळखायचं, तर पूर्वी पैदासकाराला पेरणी मुद्दाम उशिरा करावी लागे, फवारणी बंद ठेवावी लागे आणि शेतात भुरी यायची वाट बघावी लागे.