सिंदखेडचे जाधव, तांड्यावरचे जाधव



अकोला–पूर्णा लोहमार्गावरच्या आमच्या जऊळक्यात आपलं मनापासून स्वागत. कोणी रेल्वेनं आलात, कोणी एसटीनं, कोणी जवळच्या तांड्यांवरून. सगळ्यांच्या येण्यानं हा मांडव भरला.

या जाधव संमेलनाच्या तयारीच्या बैठकांत एक प्रश्न तावातावानं निघाला: खरे जाधव कोणते? त्यावरचं माझं मत मी आज उघडपणे मांडतो.

जाधव म्हटलं की पहिल्यांदा सिंदखेडराजा आठवतो, आणि आठवायलाच हवा. तो आपल्याच वऱ्हाडातला. लखुजी जाधवरावांचं घराणं आपलं मूळ देवगिरीच्या यादवांत सांगे. १६२९ साली त्याच देवगिरीवर, म्हणजे दौलताबादेत, निजामशहानं बोलावून घेऊन लखुजीरावांना दग्यानं मारलं. सोबत अचलोजी आणि रघोजी हे मुलगे गेले, यशवंतराव हा नातूही गेला. जिजाऊंच्या माहेरावर एका दिवसात केवढा घाला हा! सिंदखेडला लखुजीरावांच्या भव्य समाधीपुढे उभं राहिलं की मला आधी त्या लेकीचं दुःख दिसतं. पुढे याच घराण्यातले धनाजीराव मराठ्यांचे सेनापती झाले.

पण या मांडवातल्या प्रत्येकाची वंशावळ सिंदखेडला पोचत नाही, आणि ती ओढूनताणून पोचवू नये असं मला वाटतं. आपल्याच जिल्ह्यात पोहरादेवी आहे. तिथे सेवालाल महाराजांपुढे माथा टेकवणाऱ्या बंजारा समाजात राठोड, पवार, चव्हाणांसारखेच जाधवही आहेत. त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ देशभर वाहून नेलं, फौजांना रसद पोचवली. लढाई जिंकल्याचं श्रेय सरदाराच्या नावावर लागलं. दाणागोटा आणणाऱ्याचं नाव बखरीत आलं नाही. ओझरहून मुंबईला गेलेले, बाबासाहेबांच्या चळवळीत उतरलेले दामोदर जाधव हेही आपलेच. त्यांची कहाणी डॉ. नरेंद्र जाधवांनी ‘आमचा बाप आन् आम्ही’मध्ये लिहिली. २००४ च्या औरंगाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष रा. ग. जाधव होते. आणि गोळेश्वरचे खाशाबा! १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीतलं कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकरांनी त्यांचं देवक विचारलं नव्हतं.

म्हणून आम्ही एकच वंशावळ छापण्याचा बेत सोडला आहे. मांडवाच्या दाराशी वही ठेवली आहे. तीत आपलं गाव, कुलदैवत, आजी-आजोबांची नावं आणि ते कोणतं काम करत, हे लिहा. देवक माहीत नसेल तर तो रकाना कोरा राहू द्या, कामाचा मात्र कोरा ठेवू नका. आजोबा सालदार असतील तर सालदार लिहा, आजी निंदणाला जात असेल तर तेही लिहा. ही वही आम्ही जशीच्या तशी छापणार आहोत.

दुपारी रोडगे आणि वांग्याची भाजी आहे. जेवल्याशिवाय कोणी जाऊ नये. आता अध्यक्ष महोदयांना विनंती करतो, वहीतली पहिली नोंद त्यांनी करावी.